थांबलेल्या गाडीचे चालते इंजिन

सिग्नलला गाडी उभी राहिली की स्टिअरिंग थरथरू लागते, आवाज खालीवर होतो आणि कधी कधी इंजिन बंदच पडते. रेस दिली की सगळे सुरळीत. जुनी गाडी वापरणाऱ्याला ही तक्रार ओळखीची असते आणि तिच्यावरचा उपचारही ओळखीचा असतो. आधी प्लग बदलायचे, मग कार्ब्युरेटर उघडून साफ करायचा, मग पेट्रोल फिल्टर, मग कॉइल. इतके करूनही थरथर उरलीच तर आयडलिंगचा स्क्रू थोडा आवळून गाडी मालकाच्या ताब्यात द्यायची. हा क्रम चुकीचा आहे असे माझे म्हणणे आहे. आयडलिंगचा दोष भाग बदलून नव्हे, तर परिस्थिती बदलून शोधायचा असतो, आणि शोधाची सुरुवात पेट्रोलपासून किंवा ठिणगीपासून नव्हे, हवेपासून करायची असते. उदाहरणासाठी मारुती 800 घेऊ. डिसेंबर 1983 ते जानेवारी 2014 या काळात ही गाडी बनत राहिली आणि 25 लाखांहून अधिक गाड्या रस्त्यावर आल्या. आधी तिला कार्ब्युरेटर होता, 2000 च्या सुमारास इंजेक्शन आले. म्हणजे 796 सीसीचे तीन सिलिंडरांचे इंजिन दोन्ही पद्धतींत पाहायला मिळते.

आयडलिंग म्हणजे इंजिनाची विश्रांती असा समज आहे. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. मिनिटाला सुमारे 900 फेरे फिरणाऱ्या या इंजिनात प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा पेटतो, म्हणजे तिन्ही मिळून सेकंदाला 22 ते 23 स्फोट होतात. या स्फोटांतून निघणारी सगळी शक्ती इंजिनाचे अंतर्गत घर्षण, तेलाचा पंप आणि आल्टरनेटर यांतच खर्च होते. शिल्लक काही राहत नाही. राहिली असती तर फेरे वाढले असते. तीन सिलिंडरांच्या इंजिनात दर 240 अंशांनी एक जण पेटतो. त्यातला एक चुकला की 480 अंशांपर्यंत ढकलणारे कोणीच नसते, आणि तेवढा काळ फ्लायव्हीलमध्ये साठलेल्या ऊर्जेवर काढावा लागतो. ही ऊर्जा फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात असते. 3000 फेऱ्यांवर फ्लायव्हीलपाशी जेवढी ऊर्जा असते, तिचा जेमतेम अकरावा हिस्सा 900 फेऱ्यांवर असतो. म्हणून वेगात जी चूक कोणाच्या लक्षातही येत नाही, ती उभ्या गाडीत आरसा हलवते. भर म्हणजे आयडलिंगला आतले मिश्रण विरळ असते आणि त्यात आधीच्या स्फोटाचा जळका वायूही बराच मिसळलेला असतो, कारण मॅनिफोल्डमधली पोकळी तो वायू मागे ओढून घेते. अशा मिश्रणात ज्वाला मुळातच सावकाश पसरते. वात अगदी बारीक केलेली समई दाराच्या फटीतून आलेल्या झुळकेनेही फडफडते. इंजिनाची अवस्था तशीच असते, आणि इथे झुळूक हा शब्द जवळजवळ शब्दशः घेता येतो.

ती झुळूक किती मोठी असते याचा हिशेब करता येतो, आणि माझ्या युक्तिवादाचा गाभा याच हिशेबात आहे. आयडलिंगला थ्रॉटलची झडप जवळजवळ बंद असते, त्यामुळे मॅनिफोल्डमधला दाब बाहेरच्या हवेच्या सुमारे एक तृतीयांश होतो. 796 सीसीचे इंजिन 900 फेऱ्यांवर मिनिटाला सुमारे 358 लिटर जागा भरते. पण ती भरते एक तृतीयांश दाबाच्या हवेने, म्हणजे बाहेरची हवा मोजली तर मिनिटाला 120 लिटर, सेकंदाला दोन लिटर. आता समजा, मॅनिफोल्डला जोडलेल्या एखाद्या रबरी नळीला तीन मिलिमीटर व्यासाचे छिद्र पडले. आतला दाब बाहेरच्या निम्म्याहून कमी असल्यामुळे हवा त्या छिद्रातून ध्वनीच्या वेगाने आत घुसते, आणि एवढ्या छिद्रातून सेकंदाला साधारण एक लिटर हवा येते. इंजिनाला हव्या असलेल्या हवेच्या निम्मी हवा, जिच्याबरोबर कार्ब्युरेटरमधून आलेले पेट्रोल नाही, ती मागच्या दाराने आत येते. तीच गाडी हायवेवर 5000 फेऱ्यांनी, पूर्ण रेस देऊन धावत असेल तेव्हा इंजिन सेकंदाला 30 लिटरांच्या आसपास हवा घेते, आणि थ्रॉटल उघडा असल्याने पोकळीच उरत नाही. छिद्रातून जवळजवळ काहीच येत नाही. ‘रेस दिली की बरी चालते’ या वाक्याचा अर्थ इथे उलगडतो. जो दोष पोकळीबरोबर वाढतो आणि पोकळीबरोबर नाहीसा होतो, तो बहुतेक वेळा हवेचा असतो.

गाडी जुनी असणे हा मुद्दाही इथेच लागू होतो. पितळी जेट वीस वर्षांत फारसे झिजत नाही. पण रबर आणि पॅकिंग वयाने हमखास कडक होतात, तडकतात, आकसतात. बॉनेटखालच्या उष्णतेत पंधरा-वीस उन्हाळे काढलेल्या गाडीत ब्रेक बूस्टरची नळी, डिस्ट्रिब्युटरच्या व्हॅक्यूम ॲडव्हान्सची बारीक नळी, पीसीव्ही वाल्वची नळी, कार्ब्युरेटरच्या बुडाचे पॅकिंग आणि इनटेक मॅनिफोल्डचे पॅकिंग या पाच ठिकाणांवर पहिला संशय घ्यावा. नळीची चीर बहुधा टोकाशी, क्लिपखाली असते, आणि नळी वाकवल्याशिवाय दिसत नाही. कार्ब्युरेटर साफ केल्यावर त्रास वाढला असे काही वेळा घडते. त्याचेही कारण इथेच सापडते : उघडताना जुने पॅकिंग फाटते आणि तेच परत बसवले जाते.

संशय खरा की खोटा हे ठरवायला महागडे उपकरण लागत नाही. कार्ब्युरेटरच्या गाडीत इंजिन पूर्ण गरम झाल्यावर, आयडलिंग चालू असताना चोक हळूहळू थोडा ओढावा. इंजिन गुळगुळीत होऊन फेरे वाढले, तर मिश्रणात पेट्रोल कमी किंवा हवा जास्त आहे. लगेच घुसमटून काळा धूर येऊ लागला, तर पेट्रोल आधीच जास्त आहे, म्हणजे फ्लोटची पातळी, गळती नीडल किंवा अडकलेला चोक पाहायचा. एका हाताच्या हालचालीत निम्मे संशयित बाद होतात. हवा जास्त निघाली तर एकेक नळी पक्कडीने हलकेच दाबून बंद करावी. जी दाबल्यावर इंजिन सुधारते, तिच्या पलीकडे गळती आहे. ब्रेक बूस्टर असलेल्या गाडीत पेडल दाबून धरल्यावर इंजिन मरगळत असेल, तर बूस्टरच्या आतला पडदा फाटलेला असण्याची दाट शक्यता आहे. पॅकिंगच्या सांध्यांवर स्प्रेच्या बाटलीने थोडे थोडे साधे पाणी मारले तर क्षणभर फट बुजते आणि आवाज बदलतो. पाणी डिस्ट्रिब्युटरपासून लांब ठेवावे. यासाठी पेट्रोल किंवा कार्ब्युरेटर क्लीनर फवारण्याची पद्धत गॅरेजांत आहे, पण गरम एक्झॉस्टशेजारी ती आगीला आमंत्रण देते. घरी कोणी करू नये.

इंजेक्शनच्या गाडीत तीच गळती वेगळे रूप घेते, आणि बरेच गोंधळ इथे होतात. ज्या गाड्यांत मॅनिफोल्डचा दाब मोजून पेट्रोल ठरते, त्यांत चोरवाटेने आलेली हवाही दाब वाढवते. संगणक तिच्यासाठी पेट्रोल देतो आणि फेरे वाढतात. मग संगणक आयडल वाल्व बंद करून फेरे खाली आणू पाहतो, ते जास्तच खाली येतात, पुन्हा वाल्व उघडतो. आवाज लाटेसारखा वर-खाली होत राहतो. ज्या गाड्यांत आत येणारी हवा नळीच्या तोंडाशी मोजली जाते, त्यांत मात्र ही हवा मोजमापाच्या मागून शिरते आणि कार्ब्युरेटरसारखेच मिश्रण पातळ होते. म्हणून ‘फेरे चढलेले’ आणि ‘फेरे पडलेले’ या दोन परस्परविरोधी तक्रारींचे मूळ एकच असू शकते. याउलट गळती कुठेच नसताना थ्रॉटलच्या कडेला आणि आयडल वाल्वमध्ये साचलेली काजळी हवेची वाट अरुंद करते, आणि रेस सोडताच गाडी बंद पडते. तोही हवेचाच दोष, फक्त उलट बाजूचा.

हवा निर्दोष ठरली की पुढचा प्रश्न ‘कोणता भाग?’ हा नसून ‘केव्हा?’ हा असतो. सकाळी थंड असताना बंद पडते आणि गरम झाल्यावर ठीक चालते, तर चोक, तापमानाचा सेन्सर किंवा पातळ मिश्रण. अर्धा-पाऊण तास चालल्यावर अचानक बंद पडते, स्टार्टर फिरतो पण इंजिन पेटत नाही, आणि थंड होऊ दिल्यावर काही घडलेच नाही अशी सुरू होते, तर तापून तुटणारी विद्युतवाट शोधायची : कॉइल, डिस्ट्रिब्युटरमधला पिकअप, क्रँक सेन्सर किंवा पेट्रोल पंप. त्याच क्षणी एक प्लग बाहेर काढून ठिणगी पाहिली तर वीज की पेट्रोल याचा निकाल तिथेच लागतो. गाडी थंड झाल्यावर केलेल्या तपासणीला काही किंमत नाही. पावसाळ्यात, विशेषतः कोकणच्या दमट हवेत, सकाळी मिस मारणारी आणि ऊन पडल्यावर सुधारणारी गाडी जवळजवळ नेहमी डिस्ट्रिब्युटरच्या झाकणातल्या केसाएवढ्या चिरेकडे किंवा जुन्या प्लगवायरींकडे बोट दाखवते. रात्री अंधारात बॉनेट उघडले तर त्या वायरींवर निळसर ठिणग्या पळताना दिसतात. वेगात उत्तम चालणारी पण रेस सोडली की दिवा विझावा तशी मरणारी कार्ब्युरेटरची गाडी असेल, तर आयडल सोलेनॉइडची तार आधी पाहावी. चावी फिरवल्यावर त्यातून ‘टिक्’ असा आवाज यायला हवा.

आपल्याकडच्या बऱ्याच जुन्या गाड्यांना सीएनजीचे किट बसवलेले आहे, आणि तपासाच्या दृष्टीने ती मोठीच सोय आहे. दोन्ही इंधनांवर थरथर सारखीच असेल, तर पेट्रोलचा पंप, जेट, इंजेक्टर सगळे एका झटक्यात निर्दोष सुटतात. उरतात हवा, ठिणगी आणि कॉम्प्रेशन. फक्त पेट्रोलवर असेल, तर पेट्रोलची वाट तपासायची. फक्त सीएनजीवर असेल तर मात्र घाईने किटला दोष देऊ नये. सीएनजीचे मिश्रण पेटवायला ठिणगीला जास्त व्होल्टेज लागते, त्यामुळे दुबळी कॉइल आणि रुंदावलेले प्लग आधी तिथेच उघडे पडतात.

मग दोषी सिलिंडर ओळखायचा. एकेका इंजेक्टरचे कनेक्टर किंवा एकेका प्लगची वायर थोडा वेळ अलग करून फेरे किती पडतात हे ऐकायचे. चांगला सिलिंडर बंद केला की इंजिन अडखळते. जो बंद केल्याने काहीच फरक पडत नाही, तो आधीपासूनच काम करत नव्हता. प्लगची वायर चालत्या इंजिनात उघड्या हाताने ओढू नये, आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असलेल्या गाडीत ही चाचणी काही सेकंदांतच उरकावी, नाहीतर न जळलेले पेट्रोल त्यात जाऊन तो तापतो. दोषी सिलिंडर सापडला की त्याचा प्लग शेजारच्या सिलिंडरला लावावा. दोष प्लगबरोबर हलला तर नवा प्लग घ्या. तिथेच राहिला तर कॉम्प्रेशन मोजा. तिन्हींचे आकडे एकमेकांच्या 10 टक्क्यांच्या आत असणे अपेक्षित आहे. एक सिलिंडर कमी भरला तर इंजिन उघडण्याच्या गोष्टी करण्याआधी टॅपेट तपासावेत. घट्ट झालेला टॅपेट वाल्वला पूर्ण बसू देत नाही, आणि ते कार्ब्युरेटरच्या कोणत्याही स्क्रूने सुधारत नाही.

यावर पहिला आक्षेप अनुभवी मेकॅनिकचा असतो : एवढ्या चाचण्या करण्यापेक्षा प्लग आणि फिल्टर बदलणे स्वस्त आणि लवकर होते. प्लगचे किलोमीटर भरले असतील तर बदलावेतच, ती देखभाल आहे. पण देखभाल म्हणजे निदान नव्हे. चार भाग एकाच दिवशी बदलून गाडी सुधारली, तर कशाने सुधारली हे कोणालाच कळत नाही. सुधारली नाही, तर चार नव्या गोष्टी संशयितांच्या यादीत जातात, कारण बाजारात निकृष्ट सुटे भाग कमी नाहीत. चोक ओढून पाहायला मिनिटही लागत नाही. वेळेचा मुद्दा खरे तर चाचणीच्या बाजूचा आहे.

दुसरा आक्षेप आयडलिंग वाढवून देण्याच्या बाजूने येतो : हजार-अकराशेवर सेट केले की गाडी बंद पडत नाही, मग बिघडले कुठे? बिघडले ते लपण्यात. गळती तिथेच राहते, पेट्रोल जास्त जाते, आणि मिश्रण पातळच असल्यामुळे वाल्व तापत राहतात. शिवाय मालकाकडे एक फुकटचा पुरावा असतो, तोही या स्क्रूने गढूळ होतो. पीयूसीची तपासणी आयडलिंगलाच होते आणि पावतीवर दोन आकडे छापलेले असतात. बीएस-2 च्या आधीच्या पेट्रोल गाड्यांना कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा 3 टक्के आणि हायड्रोकार्बनची 1500 पीपीएम आहे; लोक पास की नापास एवढेच बघतात. पण कार्बन मोनॉक्साइड जास्त असेल तर मिश्रणात पेट्रोल जास्त, आणि कार्बन मोनॉक्साइड कमी असूनही हायड्रोकार्बन भरपूर असेल तर कुठला तरी सिलिंडर न पेटता पेट्रोल बाहेर टाकतो आहे, असा त्यांचा अर्थ आहे. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नसलेल्या गाडीत हे वाचन फार बोलके असते. मागच्या दोन-तीन पावत्या शेजारी ठेवून पाहाव्यात.

तिसरे म्हणणे अलीकडचे : सगळा दोष इथेनॉलचा. यात तथ्य आहे, आणि ते नाकारणे चुकीचे ठरेल. देशात 2022 मध्ये पेट्रोलमधले इथेनॉल 10 टक्क्यांवर गेले आणि 2025 पर्यंत 20 टक्क्यांवर पोचले. शुद्ध पेट्रोलला पूर्ण जळायला वजनाने 14.7 पट हवा लागते, 20 टक्के मिश्रणाला साधारण 13.5 पट. संगणकाची गाडी ऑक्सिजन सेन्सरच्या मदतीने हा फरक बऱ्याच अंशी भरून काढते. कार्ब्युरेटरच्या जेटला ते जमत नाही, आणि मिश्रण 7-8 टक्क्यांनी पातळ होते. इथेनॉल पाणी शोषते आणि जुन्या रबराला फुगवते, हेही खरे. पण सगळ्या गाड्यांना एकच पेट्रोल मिळत असताना त्यातली एखादीच सिग्नलला बंद पडते. म्हणजे त्या गाडीत आधीच एक उणीव होती आणि इंधनाने तिला काठावरून ढकलले. मिश्रणाचा स्क्रू थोडा सैल करून पेट्रोल वाढवणे योग्य आहे, पण गळती बंद केल्यानंतर. आधी केले तर दोन चुका एकमेकींना झाकतात.

स्कॅनरबद्दल थोडक्यात. आपल्याकडे चारचाकी गाड्यांना दोषांचे कोड नोंदवणारे ओबीडी-1 एप्रिल 2010 पासून आणि ओबीडी-2 एप्रिल 2013 पासून सक्तीचे झाले. त्याआधीच्या इंजेक्शनच्या अनेक गाड्या बाजारातल्या स्वस्त स्कॅनरशी बोलतच नाहीत. ज्या बोलतात, त्यांचा कोड ‘ऑक्सिजन सेन्सर : मिश्रण पातळ’ असे सांगतो, तेव्हा तो सेन्सर बहुधा बिघडलेला नसतो, खरे बोलत असतो. त्याला बदलणे म्हणजे साक्षीदाराला शिक्षा देणे. त्यापेक्षा साधा व्हॅक्यूम गेज जुन्या गाडीच्या अधिक उपयोगाचा. समुद्रसपाटीला निरोगी इंजिन आयडलिंगला पाऱ्याचे 17 ते 21 इंच दाखवते. काटा स्थिर पण खाली असेल तर गळती किंवा उशिरा पडणारी ठिणगी. ठरावीक लयीत झटका देत असेल तर एखादा वाल्व. दर हजार फुटांना साधारण एक इंच वजा करायचा, म्हणजे मुंबईत 19 दाखवणारी गाडी पुण्यात 17 आणि महाबळेश्वरला साडेचौदा-पंधरा दाखवेल, तरी ती ठणठणीतच असेल. आणि फेरे स्थिर असून फक्त केबिन हादरत असेल, तर इंजिनाला हात न लावता त्याची रबरी माउंटिंग पाहावीत.

गाडी गॅरेजला नेण्याआधी चार ओळी लिहून काढा : थंड की गरम, उभी असताना की वेग कमी करताना, एसी किंवा दिवे लावल्यावर का, पाऊस होता का. आणि मेकॅनिकला भागाचे नाव सांगू नका, या ओळी सांगा. नवा भाग बसवायचा असे तो म्हणाला तर कोणत्या चाचणीवरून, हे नम्रपणे विचारा. एक गोष्ट मात्र पुढे ढकलू नका. चालत्या गाडीचे इंजिन बंद पडले की पॉवर स्टिअरिंग जड होते, आणि बूस्टरमध्ये साठलेली पोकळी ब्रेकच्या एक-दोन दाबांपुरतीच पुरते. त्यानंतर पेडल दगडासारखे होते. रेस सोडल्यावर बंद पडणारी गाडी उतारावर नेमकी रेस सोडलेलीच असते. दोष सापडून दुरुस्त होईपर्यंत अशी गाडी घाटात नेऊ नका.